निखाऱ्यांवरची हाक

त्या पुढच्या रांगेतल्या बायकांकडे बघताय ना? निखाऱ्यांच्या ढिगाला अगदी लागून बसल्यात त्या. प्रत्येकीच्या ओठांत विड्याचं पान आहे. हसू नका हो, त्या पान खात नाहीयेत, नुसतं धरून बसल्यात. आता जी पोरं नाचणार, त्यांच्या या आया. आमच्या पुलेसारी गावात नाच सुरू झाला की आईने तोंड उघडायचं नाही. आणि बाई, तो कॅमेरा जरा खाली ठेवा. टाळ्याही वाजवायच्या नाहीत. बालीत कुठे गेलात तरी म्हातारी माणसं हेच सांगतील, की नाचतो तो आपला पोरगा नसतोच मुळी. पोराने फक्त अंग दिलेलं असतं, नाचतो तो देव.

फार वर्षांपूर्वी, माझ्या आज्याचा आजाही जन्मला नव्हता तेव्हा, गावात पटकीची साथ आली म्हणे. घराघरांतून रडणं. मग देवळातून आज्ञा झाली, घोड्याच्या देवाला बोलवा. बायकापुरुषांनी गाणी म्हणायची, धूप घालायचा, आणि देव ज्याच्या अंगात येईल त्याने झावळ्यांचा घोडा कमरेला बांधून नारळाच्या सोडणांच्या निखाऱ्यांवर नाचायचं, गावची पीडा पायाखाली तुडवायची. देव आला लांद्राच्या अंगात. विधवेचा एकुलता एक. आमच्याकडे बाईला पोराच्या नावानेच ओळखतात, तेव्हा तिला सगळे लांद्राची आईच म्हणत. तिचं स्वतःचं नाव आज कुणालाच ठाऊक नाही.

नाच चालू राहिला तशी साथ ओसरू लागली, असं सांगतात. पोर डोळे मिटून आगीत शिरायचं आणि तळव्याला साधा फोडही न येता बाहेर यायचं. शुद्धीवर आल्यावर त्याला काही आठवत नसे. सगळा गाव त्याच्या पाया पडायचा. आई मात्र घरी गेल्यावर त्याचे तळवे उलटसुलट करून बघायची. देवावर विश्वास नव्हता असं नाही हो! पण आईचं काळीज ते. पोर देवाच्या हवाली करता येतं, काळजी थोडीच सोपवता येते?

एके दिवशी, ऊन कलत असताना, पोर निखाऱ्यांच्या मधोमध जाऊन थांबलं. नाचणं सोडून नुसतं उभं राहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं म्हणतात, पण आई बसली होती मागे, तिला दिसत होती फक्त पाठ. ती ताडकन उठली आणि ओरडली, "लांद्राऽऽ!"

नावाने हाक मारली की माणूस परत येतो. लांद्रा परत आला, देव निघून गेला, आणि पाय तर निखाऱ्यांवरच होते.

लोकांनी त्याला ओढून काढलं. जीव वाचला, पाय कायमचे अधू झाले. साथही पुन्हा बळावली, आणि गावाने खापर कुणाच्या डोक्यावर फोडलं ते मी सांगायला नको. लांद्रा मात्र तिला कधी टाकून बोलला नाही. फक्त एकदा, ती त्याच्या तळव्यांना पाला बांधत असताना, सहज बोलून गेला, "तिथे गार होतं गं, आई. तू हाक मारलीस आणि मग भाजायला लागलं."

हे त्याने सांगायला नको होतं. मी एवढा म्हातारा झालो, तरी मला अजून त्या पोराचा राग येतो.

त्यानंतर त्या बाईने त्याला नावाने हाक मारली नाही. जेवायला बोलवायचं तर नुसती दारात येऊन उभी राहायची. पुढे तो गाणाऱ्यांत बसू लागला, त्याचं लग्न झालं, पोरंबाळं झाली. ती शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा तो उशाशी बसून विनवत होता, "आई, एकदा हाक मार गं." तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि तशीच गेली म्हणे.

त्या हाकेनंतर, यापुढे आयांना नाचाला येऊच द्यायचं नाही, असं गावाचं म्हणणं पडलं होतं. आडवा आला तो लांद्राच. म्हणाला, पान द्या हवं तर त्यांच्या ओठांत, पण बसवा सगळ्यांत पुढे, पोराचं तोंड दिसेल अशा जागी.

आजही आया तशाच बसतात. देव निघून गेला आणि पोरगं निपचित पडलं, की पुजारी आधी आईच्या ओठांतलं पान काढून घेतो. नावाने पहिली हाक तिनेच मारायची. तोवर गावात कुणी ब्र काढत नाही. आता बघालच तुम्ही. एखादीला हाक लवकर फुटतच नाही. आम्ही थांबतो. कितीही वेळ लागला तरी कुणी कुरकुरत नाही. लांद्रा तर जन्मभर थांबला होता.