कळलं म्हणायचा दगड

पाहुण्यांनो, मोहाच्या झाडाखालच्या त्या चपट्या दगडावर तेवढं बसू नका. ती जागा गावातल्या सगळ्यात वयस्कर बाईची. बाहेरचा कुणी गावाकडे काही मागायला आला, की ती तिथे बसते. त्याचं बोलणं तिला कोरकूत, आमच्या घरच्या बोलीत, पुन्हा सांगायचं. ती 'कळलं' म्हणाली, तरच गाव हो म्हणतं. साहेब लोक वैतागतात. वैतागू द्या.

असं सांगतात, की पूर्वी आमचं गाव नदीपलीकडे होतं. इंग्रजांच्या काळात तिथे एक गोरा साहेब आला. गावात इंग्रजी येणारा एकटा चुन्या. तो चिखलदऱ्याला एका बंगल्यात खानसाम्याच्या हाताखाली राहिलेला. चहा, अंडी, गरम पाणी, एवढंच त्याचं इंग्रजी. पण वासरात लंगडी गाय शहाणी. त्याच्या आईचे, रुंजीचे, तर पाय जमिनीवर नव्हते.

साहेब खूप वेळ बोलला. चुन्याला त्यातलं 'पाणी' तेवढं कळलं. साऱ्या गावासमोर कळलं नाही असं म्हणणार कसं? तो म्हणाला, "साहेबाला आपली नदी आवडली. इथं राहू का, विचारतो." पुन्हा विचारणं म्हणजे चुन्याचा अपमान, म्हणून कुणी विचारलं नाही. गावच्या पटेलाने हसत साहेबाच्या कागदावर अंगठा दिला.

हिवाळ्यात शिपाई तोच कागद घेऊन आले. जंगल आता सरकारचं, गाव उठवा म्हणाले. आमच्यात मेलेल्या माणसाच्या नावाने कोरीव लाकडी खांब उभा करतात. ते सगळे खांब पलीकडेच राहिले. आपली माणसं अशी मागे टाकून येणं फार वाईट.

रुंजी लेकाला विचारत राही, "बाबा, साहेब खरं काय म्हणाला होता?" तो टाळायचा. शेवटी ती या दगडावर येऊन बसली. तू खरं बोलशील तेव्हाच अन्न घेईन, म्हणाली. लाज मोठी वाईट. चुन्याचं तोंड उघडेना आणि आई डोळ्यांदेखत वाळत गेली. अखेर तो गावासमोर रडत म्हणाला, "मला काहीच कळलं नव्हतं." रुंजी म्हणे एवढंच म्हणाली, "कळलं." आणि तिने डोळे मिटले. त्या साली हा मोह फुलला नाही, असंही सांगतात.

दगडाची रीत तेव्हापासूनची, आजही ती आम्ही मोडलेली नाही. परवा धरणाचे साहेब आले आणि इंग्रजीत बोलले. माझी नात रोशनी अमरावतीला इंग्रजी शाळेत शिकते. तिला सगळं कळलं, तिने त्यांना उलट प्रश्नही विचारले. माझी छाती फुगली. मग ती दगडावरच्या सुकायबाईकडे वळली आणि थांबली. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "आजोबा, मला कोरकूत नाही सांगता येत."

रागावू कुणावर? शाळेत मीच घातली, घरी तिच्याशी मराठी बोला असंही मीच सांगितलं. आणि पोरगी खोटं तर बोलली नाही.

धरणाचं तिने मला मराठीत सांगितलं, मी ते कोरकूत सांगणार होतो. पण त्याआधी सुकायबाईने, तिला मराठी येत नाही, मला विचारलं, "पोरगी माझ्यासमोर थांबून काय म्हणाली?"

तेही मलाच सांगावं लागलं. सुकायबाई अजून 'कळलं' म्हणालेली नाही.