लंकाबाईची मूठ

एकदा एका तालुक्याच्या गावी करुणाबाई शिरसाठ नावाच्या शिक्षिका निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात ख्रिस्ती मंडळीच्या सेवाकार्यात दाखल झाल्या. बाई मनाने अत्यंत भल्या. पण भल्या माणसाला सगळंच कळतं, असं थोडंच आहे!

त्या मंडळीची एक जुनी रीत होती. घरोघरी चूल पेटवण्याआधी तांदळाची एक मूठ बाजूला काढायची. शनिवारी स्वयंसेवक डबा घेऊन फिरत, त्या मुठी गोळा करत आणि ज्यांचं घरदार गेलं आहे अशा कुटुंबांना त्यातूनच शिधा पोहोचवत. जातधर्म कुणी विचारत नसे. ‘शिधा द्याल तिथेही डबा उघडायचा, त्यांचीही मूठ घ्यायची,’ एवढा एकच नियम वयोवृद्ध पाळकसाहेब नव्या माणसाला सांगत.

करुणाबाईंकडे गावाबाहेरचा बंद पडलेला जकात नाका आणि त्याच्या आसपासची पालं आली. वीटभट्टीवर पाय मोडलेला नवरा आणि दोन लेकरं घेऊन लंकाबाई त्या नाक्यात राहत होती. धाकटी पोर नुकती काविळीतून उठलेली, अंगात जीव नाही. हिला वेळच्या वेळी अन्न मिळालं नाही तर ही पुन्हा अंथरूण धरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. करुणाबाईंचं काळीज हललं. या माउलीपुढे डबा कुठल्या तोंडाने उघडायचा? शेजारच्या पालांवर उघडलेला तो डबा त्यांनी इथे पदराखाली झाकला आणि नुसती शिध्याची पिशवी दिली.

पहिल्या शनिवारी लंकाबाईने शिधा घेतला. दुसऱ्या शनिवारी घेतला, पण मान वर केली नाही. तिसऱ्या शनिवारी मात्र तिने पिशवी परत सरकवली.

“नगं बाई. भागतंय आमचं.”

भागतंय? पोरीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात, आणि म्हणे भागतंय! करुणाबाई चक्रावल्या. आपलं काही बोलणं लागलं असेल का? की हे लोक धर्म बदलायला लावतील, असं कुणी हिच्या कानात भरवलं? त्यांनी कळवळून सांगितलं, “अगं, देवाशप्पथ, आम्हाला तुझ्याकडून काही म्हणजे काहीच नको!” ते ऐकून तर लंकाबाईने दारच लोटून घेतलं.

करुणाबाई तडक पाळकसाहेबांकडे गेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, “पिशवी घ्या. डबाही घ्या.”

नाक्यावर पोहोचताच त्यांनी दार वाजवलं. लंकाबाई बाहेर आली. पाळकसाहेबांनी पिशवीकडे बोटही दाखवलं नाही. डब्याचं झाकण काढून तिच्यापुढे धरलं आणि म्हणाले, “बाई, आमची मूठ राहिली आहे. तीन आठवड्यांची.”

करुणाबाईंना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. लंकाबाई आत गेली. मडक्याच्या तळाशी जेमतेम दोन मुठी तांदूळ होते, ते दारातूनही दिसत होतं.

“साहेब, अहो, आजारी लेकराच्या तोंडचा घास मागता तुम्ही?” करुणाबाई दबक्या आवाजात फणकारल्या. “ही कसली दया?”

“तुम्ही दयेपोटीच डबा झाकलात ना?” पाळकसाहेब शांतपणे म्हणाले. “शेजारच्या पालावर उघडलात आणि हिच्या दारात झाकलात. तिने ते पाहिलं असणारच. घर गेलं, काम गेलं, तेवढं तिने सोसलं. पण ‘तुझ्याकडून काही नको’ म्हणून तुम्ही तिला माणसांच्या पंगतीतूनच उठवलंत. उठवलेला माणूस वाढलेलं ताट कसं घेईल?”

“आणि तिने मूठ दिली नाही, पिशवीही घेतली नाही तर? पोरीचं काय?”

“त्याची भीती मलाही आहे,” म्हातारा म्हणाला.

करुणाबाईंना काही उमगेना. तेवढ्यात लंकाबाई ओंजळीत तांदूळ घेऊन आली. डब्यापाशी तिचा हात थबकला.

“हे कुनाला जानार?”

“एस्टी स्टँडमागे एक म्हातारी राहते. एकटी. डोळ्यांनी अधू आहे.”

लंकाबाईने हात मागे घेतला. झालं, आता ही दार लोटणार, असं करुणाबाईंना वाटलं. पण ती ताट घेऊन उंबऱ्यावर बसली, तांदूळ त्यात पसरले आणि एकेक खडा वेचून बाहेर टाकू लागली.

“डोळं न्हाईत तिला,” ती पुटपुटली. “खडा कसा दिसंल?”

निवडलेले तांदूळ तिने डब्यात टाकले. मग मान वर करून सरळ करुणाबाईंकडे पाहिलं. “द्या ती पिशवी. पोरीला पेज टाकते.”

पिशवी पुढे करता करता करुणाबाई थांबल्या. तीन आठवडे त्यांनी त्या आजारी पोरीसाठी तांदूळ आणला होता. त्यातला एक खडाही कधी काढला नव्हता.

“जरा सरक, लंके,” असं म्हणून त्या उंबऱ्यावर तिच्या शेजारी बसल्या आणि पिशवीतले तांदूळ ताटात ओतू लागल्या.