भिवराक्काचा खारा खड्डा

फार वर्षांपूर्वी, माणसांपेक्षा मेंढरं जास्त होती तेव्हा, माळावर तरसवाडी नावाचं धनगरांचं गाव होतं. गावाबाहेर भिवराक्का राहायची. अडलेल्या मेंढीचं कोकरू सोडवावं तर तिनंच. तिचा हात आत गेला की कोकरू आपणहून तिचं बोट धरायचं, असं म्हणतात.

तरी गाव तिला वचकून होतं. जत्रेला मेंढरं कापली की ही प्रत्येक काळीज, म्हणजे शाळेत ज्याला यकृत म्हणतात ते, उलटंपालटं करून बघायची. काही काळजांत लिंबाएवढ्या पाण्याच्या गाठी असायच्या. असलं काळीज राखणीच्या कुत्र्यापुढे टाकायचं, ही तिथली रीत. भिवराक्का मात्र विचारत बसायची, "ह्ये मेंढरू कुणाचं? घरात कुत्री किती?" आता असल्या चौकशा सरळ बाई करते का? करणी करते, लोक म्हणायचे.

त्यातून तिचा सख्खा भाऊ तिच्याच हातून गेला होता. त्याच्या पोटातही अशीच गाठ होती. तिनं चीर दिली, गाठीतलं पाणी पोटात सांडलं, त्याच्या अंगभर गांधी उठल्या आणि श्वास कोंडून तो जागीच गेला. तेव्हापासून तिनं माणसाला पातं लावलं नव्हतं. 'भाऊ खाल्ला हिनं,' असं लोक तिच्या तोंडावर म्हणायचे.

अशात इठाईचं पोट वाढू लागलं. तिचा नवरा सावळा मेंढरं घेऊन वर्षभर कोकणात उतरलेला. मग काय, जिभांना हाडं थोडीच असतात! तिची सासू राहीबाई तर सगळ्यांच्या पुढे. पंचांनी ठरवलं, हिला वेशीबाहेर काढायचं. त्याआधी भिवराक्काला बोलावलं आणि विचारलं, कितवा महिना ते सांग.

भिवराक्कानं भर दुपारी, पारावरच इठाईला निजवलं. पोट चाचपलं. तीन बोटं ठेवली, मधल्यावर टिचकी मारली. भरल्या पखालीसारखं आत थरथरलं.

"पाटील, लेकरू खालनं वर वाढतं. ह्ये बरगडीखालनं खाली उतरलंया. आन् बघा, ती श्वास घेती तसं ह्ये हालतंया. काळजातलं पाणी हाय ह्ये. फुटलं तर ही पोर जाईल."

"दोघींचं संगनमत हाय!" राहीबाई ओरडली. "पोट पाडाया निघाल्यात!"

पाटलांनाही तेच वाटलं. भिवराक्का उठली आणि जायला वळली. तेव्हा इठाईनं तिचा पदर धरला. "आक्का, काप. वेशीभाईर कुत्र्यागत मरण्यापरीस हितं मरते."

मग भिवराक्कानं सगळ्या गावासमोर तिला अफू चारली. लोकर कातरायचं पातं उकळलं. उजव्या बरगडीखाली चीर दिली आणि भोवती कडक मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी दाबून बसवली, एक थेंबही आत ओघळू नये म्हणून. पोकळ बोरूनं गाठीतलं पाणी परातीत काढलं, आतलं बीज मरावं म्हणून गाठीत खारं पाणी भरलं, विडा रंगेपर्यंत थांबली. तेवढ्या वेळात माळावर एक मेंढरू ओरडलं नाही, असं म्हणतात. शेवटी तिनं गाठीचा पांढरा पडदा आतल्या फोडांसकट अख्खाच्या अख्खा बाहेर ओढला आणि पोट आतड्याच्या तातीनं शिवलं. परातीत द्राक्षांएवढे फोड तरंगत होते, एकशे एक. हा आकडा कुणी मोजला, देव जाणे.

पंच परातीवर वाकले. पाणी इतकं नितळ की ज्याला त्याला आपलंच तोंड दिसलं, तेही उलटं. राहीबाईनं काडी घेऊन ढवळून पाहिलं. तिला लेकराचे हातपाय हवे होते. ते काही सापडले नाहीत.

"आता मी इचारते," भिवराक्का म्हणाली. "ईस वर्सं ह्येच तर इचारत हिंडले. मेंढरातलं कुत्र्यात जातं, कुत्र्यातनं हाताला लागतं, हातातनं भाकरीत. राहीबाई, तुमच्या घरात गाठीचं काळीज कुत्र्याला कोण टाकतं? आन् भाकरी कोण थापतं?"

राहीबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. मग ती पारावर बसून मोठ्यानं रडली. त्या दिवसापासून सून उठेपर्यंत तिनंच तिचं सगळं केलं, आणि भाकरीला बसण्याआधी रोज राखेनं हात घासले.

इठाई जगली. तिनं पणतवंडं पाहिली, असं म्हणतात. भिवराक्का मात्र एका सकाळी माळावरून चालत गेली ती परत आली नाही. ती गेली की गावानं घालवली, याबद्दल मला अजून शंका आहे. काही घरांत हा विषय निघाला की माणसं पटकन उठून जातात.

पण तरसवाडीत आजही मेंढरू कापलं की काळीज आधी उजेडात धरतात. गाठ दिसली तर पाराजवळच्या खड्ड्यात भरपूर मिठाखाली पुरतात, वर दगड ठेवतात. कुत्र्याला भाकरीच मिळते. पुरायचं काम घरातल्या सासूचं. पुरून झालं की ती दोन्ही हात पुढे करते, सून तांब्यानं पाणी घालते, आणि सुनेनं "झाले" म्हटल्याशिवाय सासूनं हात मागे घ्यायचे नाहीत.