बुंध्यावरचं ऊन

झाडं आपसात बोलत असत, त्या काळी वेंगुर्ल्याकडच्या एका उतारावर काजूची दाट बाग होती. प्रत्येक झाड उन्हासाठी उंच उंच जाई आणि मोहोर फक्त शेंड्याला येई.

बागेची मालकीण रत्नप्रभा एकदा करवत घेऊन आली. "दाटीतल्या फांद्या कापायला हव्यात, नाहीतर एकाआड एक झाडच तोडावं लागेल. कोणापासून सुरुवात करू?"

"फांद्या दिल्यावर आपल्याकडे उरणार काय?" एक जाडजूड झाड शेजारच्या किडकिडीत झाडाला म्हणालं.

किडकिडीत झाडाला मात्र भलतंच कुतूहल होतं. "माझ्या बुंध्याला कधी ऊन लागलेलं नाही. ते कसं लागतं, बघू दे तरी," असं म्हणून त्यानं फांदी पुढे केली.

करवत चालली तसं ते थरथरलं. मग पहिल्यांदाच ऊन बुंध्यापर्यंत उतरलं. थंडीत त्याच्या आतल्या फांद्याही मोहरल्या, मधमाश्या आत शिरल्या. जाडजूड झाडालाही त्या मोकळ्या बाजूला, अगदी खालपर्यंत काजू लागले.

ते बराच वेळ त्या काजूंकडे बघत राहिलं.

"कापताना फार दुखलं का रे?" त्यानं हळूच विचारलं.

"दुखलं."

जाडजूड झाड म्हणालं, "बाई पुन्हा कधी येणार?"