नदीवरची पांढरी फुले

पूर्वी शीलावती नदीच्या काठी, चंपक नगरात पद्मसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका आचाऱ्याच्या कुळात जन्म घेतला आणि पुढे ते राजाच्या पाकशाळेचे प्रमुख झाले. त्यांचे नाव भद्रक होते.

चंपकात एक रीत होती. पाहुण्याने पानातील निम्मे अन्न तसेच ठेवून उठावे. यजमानाच्या वैभवाला दिलेला तो मान समजला जाई. पान स्वच्छ करणाऱ्याला लोक दरिद्री म्हणून हसत. म्हणून पाकशाळेत भुकेच्या दुप्पट रांधले जाई. तांदूळही जवळपासचा चालत नसे. तो पूर्वेकडील दूर देशातून, चाळीस दिवसांची वाट तुडवीत, बैलांच्या पाठीवरून येई. रोज दुपारी उरलेला भात घाटावरून नदीत सोडला जाई. नदी काही काळ पांढरी होई, आणि मग ती शुभ्रता धुक्यासारखी वळणापलीकडे विरून जाई. तिचे पुढे काय होते, हे नगरात कोणी कधी विचारले नव्हते.

त्या वळणापलीकडे, डोंगरउतारावर, तिलका नावाची वृद्धा राळा पिकवीत असे. राळ्याचे बारीक पिवळे दाणे टोपलीत भरून ती पाकशाळेच्या दारी येई.

"काय रे आचाऱ्या, आज तरी घेशील का? की तुझ्या राजाच्या दातांना परक्या देशाचाच तांदूळ लागतो?"

"मी घेईन, माई, पण पंगतीत वाढला तर पंगत उठून जाईल."

"जाऊ दे की! अर्धं टाकून उठतातच, एक दिवस सगळं टाकून उठतील."

एके दिवशी ती रिकाम्या हातांनी आली.

"टोपली कुठे, माई?"

"निरोप घ्यायला आले, बाळा. तुमचा भात आमच्या डोहात येऊन आंबतो. मासे उलटे तरंगतात. ते पाणी पिऊन लेकरं आजारी पडतात. पौर्णिमेला आम्ही गाव सोडणार."

"आणि शेते?"

"शेतं काय पाठीवर घेऊन जाता येतात?"

बोधिसत्त्वांनी स्वतःच्या हातांकडे पाहिले. तो भात त्याच हातांनी शिजवला होता.

दुसऱ्याच दिवशी परराज्यातील दूतांसाठी मेजवानी झाली. दूतांनी पानांत इतके अन्न ठेवले, की राजा हर्षित झाला.

"भद्रका, एवढा मान चंपकाला कधी मिळाला नव्हता. तुला एक गाव इनाम देतो."

"महाराज, गाव नको. उद्या माझ्यासोबत नदीच्या खालच्या वळणावर येऊन एक जेवण घ्यावे."

कोशाध्यक्ष हसू लागला. "गाव मिळत असता जेवण मागतो! शेवटी आचारीच तो!"

राजाने मात्र शब्द दिला.

सकाळी नाव निघाली तेव्हा धुके उठले नव्हते. वल्ह्यांचा आवाजही दुरून आल्यासारखा वाटत होता. वळणापाशी पाण्यावर सर्वत्र पांढरे पुंजके डोलताना दिसले.

"किती सुंदर! ही कोणती फुले?" राजाने विचारले.

राजाने ओंजळ भरली. बोटांना मऊ, आंबूस, लांबट शिते चिकटली. राजाने ती ओळखली. त्याने हात पुनःपुन्हा धुतले. वास गेला नाही.

तिलकेच्या अंगणात त्याच्यापुढे एक पान मांडले गेले: राळ्याचा भात आणि रानभाजी. राजाला तो घास अतिशय गोड लागला. तरीही हाताच्या सवयीने तो निम्मे अन्न ठेवून उठला.

तिलकेचा चेहरा उतरला. "आवडलं नाही का, बाबा?"

"माई, हा तुझ्या घराला दिलेला मान आहे."

"असं होय?" ती त्याच पानापुढे बसली. "मग हा मान मीच खाते. घरात एवढंच होतं."

आणि ती शांतपणे जेवू लागली. राजा उभा राहून पाहत होता. मग तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि हळूच म्हणाला, "माई, थोडे मलाही राहू दे."

दोघांनी दोन बाजूंनी ते पान स्वच्छ केले.

त्या दिवसापासून चंपकात माणसे मोजून अन्न रांधले जाऊ लागले. राजा स्वतः पान निरखून, शेवटचे शीत उचलून उठे. त्याला हसण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. पंगतीत राळा आला. पौर्णिमा आली आणि गेली. तिलकेच्या गावातून कोणी निघाले नाही. पुढे शरदात वळणापाशी पाणी पुन्हा पांढरे झाले. राजाने भीतभीत हात घातला, तेव्हा हाती कुमुदाची फुले आली.

ही कथा सांगून तथागत आपल्यासमोर बसलेल्या तरुण भिक्षूकडे वळले. त्याने त्या दिवशी पात्रात भात तसाच ठेवला होता.

"त्या वेळचा राजा तूच होतास. तिलका म्हणजे वेशीबाहेर तुला रोज भिक्षा घालणारी वृद्ध उपासिका. भद्रक आचारी मी होतो. आणि त्या पानावर तू जे शिकलास, त्याचे नाव मात्राज्ञता: आपल्याला किती पुरेसे आहे, हे जाणणे."

भिक्षूने पात्र पुन्हा जवळ ओढले.