फलकावर मधोमध कोण?

फलकावर मधोमध कोण, या एका प्रश्नावरून लोकझुंज पक्ष फुटायला आला होता!

पक्षाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. कचेरीपुढे सगळ्या कार्यकारिणीचे फोटो असलेला भलामोठा फलक लावायचं ठरलं. झालं! जुन्यांचे पुढारी बापूराव हिंगमिरे टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "मधोमध मीच! तुम्ही पाळण्यात होतात तेव्हा मी तुरुंगात होतो!"

सुधारणावाल्यांच्या विभावरी सोनटक्के उसळल्या. "कशासाठी होतात, तेही छापू या का खाली? पक्ष बदलायचाय आम्हाला. मधोमध मी!"

"मी कडेला? मग हा निघालो पक्ष सोडून!"

"मी त्याआधी निघाले!"

दोघंही उठली, पण दाराकडे कुणीच गेलं नाही. अध्यक्ष तात्यासाहेब घोरवडे डोकं धरून बसले. तेवढ्यात चहा वाटणाऱ्या हौसाबाईच्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, एवढंच होय!"

तात्यासाहेब भडकले. "एवढंच? मग तूच लाव फलक! दोघंही मधोमध हवीत. प्रत्येकाच्या डावीकडे जितकी डोकी, तितकीच उजवीकडे. फलक एकच. कुणाचा फोटो दोनदा नको, कुणी कुणाच्या डोक्यावर नको. परवा सकाळपर्यंत जमलं नाही, तर तुझी चहाची खोली बंद!"

अठरा वर्षं त्या खोलीवरच हौसाबाईची चूल पेटत होती. पण आता माघार कशी घेणार? "लावते की!" ती म्हणाली.

दुपारभर तिने ओट्यावर कप ओळीत मांडून पाहिले. एक मध्ये आला की दुसरा कडेला जाई. शेवटी वैतागून तिने सगळे कप गोल थाळ्यात कडेकडेने लावले, त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि एकटीच हसत सुटली. तशीच पदर खोचून ती फलक छापणाऱ्या मुनीरभाईकडे गेली.

"भाई, फलक लांबच लांब हवा. सगळे एका ओळीत, सारख्या अंतरावर."

"आणि क्रम?"

"तुम्हाला आवडेल तसा!"

ठरल्या सकाळी सगळे जमले. अंगणातल्या पाण्याच्या गोल टाकीवर चादरी पांघरल्या होत्या. हौसाबाईने त्या ओढल्या. फलक टाकीला गोल गुंडाळलेला, टोकाला टोक शिवलेलं!

"मोजा!" ती म्हणाली.

बापूराव आपल्या फोटोपासून डावीकडे निघाले. "...नऊ, दहा!" परत येऊन उजवीकडे. "...नऊ, दहा! मधोमध मीच!"

"गप्प बसा, मी मधोमध!" पलीकडून विभावरीताई ओरडल्या. त्यांचेही दहा आणि दहाच भरले होते. दोघं खात्री करायला पुन्हा मोजत निघाली आणि टाकीमागे एकमेकांवर धाडकन आदळली.

"आणि मी?" तात्यासाहेबांनी हळूच विचारलं.

"तुम्हीही मधोमध, साहेब! इथं कडेला कुणीच नाही."

तात्यासाहेब स्वतः एक फेरी मारून आले. कपाळाला आठ्या. "हौसाबाई, कार्यकारिणीत आम्ही वीस जण. इथं तर एकवीस चेहरे आहेत!"

"विसात एका बाजूला दहा भरतात, दुसरीकडे नऊच," हौसाबाई म्हणाली. "एक डोकं कमी पडत होतं, साहेब. म्हणून माझं लावलं!"

टाकीच्या पार मागे, किटली हातात घेऊन, फोटोतली हौसाबाई ऐटीत हसत होती. तिच्याही डावीकडे दहा, उजवीकडे दहा!

तात्यासाहेब एवढे हसले, एवढे हसले की त्यांना टाकीला टेकावं लागलं. कपाळ चोळत आलेले बापूरावही हसले, विभावरीताईही.

डोळे पुसत तात्यासाहेब म्हणाले, "चहाची खोली तुझीच! आणि ऐक, दर बैठकीत दहा विरुद्ध दहा होऊन आमचं सगळं अडतं. आजपासून कार्यकारिणीत एकविसावी खुर्ची. तिच्यावर तू बसायचं!"