सालीला साल

एकदा एक शिष्या डोंगरउतारावरची पायवाट धावतच चढून आपल्या गुरूकडे आली. तिच्या हातात दोन पत्रे होती. पायांत वहाणा आहेत की नाहीत, याचे मात्र तिला भान नव्हते.

गुरू म्हणजे कोणी मठाधिपती नव्हे. आंब्याची कलमे बांधणारा तो एक वृद्ध गृहस्थ होता. या विद्येत पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ही गोष्ट त्याला स्वतःलाही पुरती ठाऊक होती. शिष्येने वनस्पतिशास्त्राची पदवी महाविद्यालयात मिळवली होती खरी. परंतु चाकू कसा धरावा, हे ती दर सुट्टीत या वृद्धाच्या मांडवाखाली बसून शिकली होती. त्याला सारे तात्या म्हणत, तीही तात्याच म्हणे.

"तात्या, झालं एकदाचं. दोन्हीकडून होकार आलाय."

"दोन्हीकडून?" चाकूवरची नजर न काढता तात्या म्हणाले. "मग पंचाईतच म्हणायची. एकाला तरी नाराज करावं लागणार. मुलगे काय करतात?"

"मुलगे नाहीत हो, विद्यापीठं."

"मग बस, आणि आधी दम खा."

ती बसली, परंतु दम खाणे काही तिला साधले नाही. एका दूरदेशी जाऊन उच्च शिक्षण घ्यावे, पुढे तिथेच नोकरी मिळवून स्थिर व्हावे, हा ध्यास तिने चार वर्षे बाळगला होता. त्या देशाचा नियम असा होता की, तेथे पदवी पूर्ण करणाऱ्यास काही काळ काम करण्याचा परवाना मिळे, आणि त्याची मुदत पदवीनुसार ठरे. पहिल्या पत्रातील विद्यापीठ कार्यालयीन व्यवस्थापन शिकविणार होते; त्या पदवीवर तीन वर्षांचा परवाना होता. दुसऱ्या पत्रातील विद्यापीठ झाडांच्या मुळांचे रोग शिकविणार होते. त्या पदवीवर परवाना अवघा एका वर्षाचा. उत्तर आजच, दिवेलागणीच्या आत धाडावयाचे होते.

"म्हणजे ठरल्यातच जमा आहे," ती म्हणाली. "माझा आतेभाऊ तिथंच असतो. तो म्हणाला, विषय कुठलाही घे, परवाना लांब पाहा. एका वर्षात नोकरी नाही लागली तर बिऱ्हाड आवरून परत यायचं. तीन वर्षं हाताशी असली की भीती नाही. आणि मी नुसती ऐकीव माहिती सांगत नाही हं तात्या. त्यांचं सातवं कलम मला तोंडपाठ आहे."

तात्यांनी वळून रोपांच्या रांगेकडे पाहिले. "सातवं कलम? ते तर परवाच मेलं. पाणी कमी पडलं त्याला."

ती खळखळून हसली. "कायद्याचं कलम, तात्या."

"अस्सं. त्याला पाणी लागत नसेल."

एवढे बोलून त्यांनी पुढ्यातले एक रोप जवळ ओढले. कोयीपासून वाढलेले ते रोप चांगले जाड, तजेलदार होते. तात्यांनी त्याचा शेंडा छाटला, खुंटात उभी खाच पाडली. मग जातिवंत आंब्याची एक बारीकशी काडी घेऊन तिचे टोक पाचरीसारखे तासले, आणि ते खाचेत नेमके मधोमध बसविले. त्यावर पट्टी गुंडाळली. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. बांधणी अशी सुबक झाली की पाहत राहावे.

शिष्येचे हसू मात्र मावळले. काडी बारीक आणि खुंट जाड असेल, तर काडी मधोमध कधीही बसवू नये. ती एका कडेला सरकवून सालीला साल भिडवावी, हा पहिल्या दिवसाचा धडा. तो ज्यांनी शिकविला, त्यांच्याच हातून ही चूक व्हावी? तात्यांची दृष्टी गेली की काय, अशी तिला शंका आली. बोलावे तर गुरूचा अवमान, न बोलावे तर काडी फुकट. अखेर तिला राहवले नाही.

"तात्या, रागावू नका. हे कलम जगायचं नाही."

"का बरं? पट्टी चांगली तीन पदरी आहे."

"पट्टीचं काय घेऊन बसलात? साल कुठं जुळलीय?"

"पण तीन पदरी आहे ना. भीती नाही."

हातातल्या पहिल्या पत्राकडे तिची नजर गेली.

तात्यांनी चाकू खाली ठेवला. "पोरी, तू सालं मोजलीस, साल जुळवायची विसरलीस. पट्टीला मी नावं ठेवत नाही. ती नसेल तर पहिल्या वाऱ्याला काडी खाली येईल. परवाना हवाच, आणि तो हवासा वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. दूर जाऊन रुजू नये, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? या डोंगरावरचं प्रत्येक कलम दुसऱ्याच्याच मुळावर उभं आहे, आणि त्यांच्या आंब्यांवर माझं घर चाललंय. पण पट्टी नुसती धरून ठेवते. जोडतो तो रस, आणि रस चालतो सालीतून. ती भिडली नाही, तर तीन काय, दहा पदर गुंडाळ. आत काडी वाळतच राहणार. सांग बघू, त्या पहिल्या ठिकाणी तुला काय शिकवणार आहेत?"

तिने आठवून पाहिले. परवान्याची ओळ तिला अक्षरशः आठवली. बाकीचे काहीच आठवेना.

"आणि दुसऱ्या?"

"दुसऱ्या ठिकाणी ना," ती म्हणाली, आणि मग थांबलीच नाही. मुळाभोवती वाढणाऱ्या बुरशीत शत्रू कोणती आणि मित्र कोणती, ती कशी ओळखतात. झाड वरून हिरवेगार असताना खाली रोग किती आधी लागलेला असतो. तेथील एका प्राध्यापिकेने मुळे न उकरता ती पाहण्याची कोणती युक्ती काढली आहे. आपल्या मांडवातली रोपे दरवर्षी त्याच कोपऱ्यात का मरतात, याचे उत्तर त्यात कसे सापडू शकेल. बोलता बोलता ती उभी राहिली. हातातल्या पत्राने हवेत मुळे काढून दाखवू लागली. सूर्य डोंगराकडे कलला, तरी तिचे बोलणे सरले नव्हते.

"पुरे," तात्या म्हणाले. त्यांचे डोळे हसत होते. "रस चढलेला दिसतोय."

"पण तात्या, वर्षभरात काम नाही मिळालं तर?"

"तर नाही मिळालं. मी काही ज्योतिषी नाही. पण कोपऱ्यातली रोपं का मरतात, हे शिकून आलेल्या बाईला या मांडवात पाट मांडून बसवीन. आणि तिथंही कुणाची तरी रोपं मरतच असतील की."

शिष्येने खिशातून फोन काढला आणि उभ्या उभ्याच दुसऱ्या पत्रास होकार धाडून दिला. मग तिने तात्यांपुढचे ते रोप आपल्याकडे घेतले आणि तीनही पदर सोडले. काडी अजून ओली होती. तिने टोक पुन्हा हलकेच तासले, काडी खुंटाच्या कडेला सरकवली, आणि सालीला साल भिडल्याची अंगठ्याने खात्री करून घेतली.

"पट्टी किती पदरी बांधू, तात्या?"

"आता एक पुरेल."

तिने एकच पदर घट्ट आवळला आणि रोप सातव्याच्या रिकाम्या जागी नेऊन ठेवले.